धुऱ्याखालचे कोळसे

पाच वर्षांच्या लेकराचं खरं कोणी ऐकत नाही, हे शकुंतलेला पाचव्याच वर्षी कळलं, आणि तो राग तिने साठी ओलांडली तरी सोडलेला नाही.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. चैत्र होता. उंद्रीच्या शिवारातली काळी जमीन अशी तडकली होती, की भेगेत हात कोपरापर्यंत जावा. शकूचे आईबाप, गोजरबाई आणि उत्तमराव, वेचणी संपलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटत होते आणि शकू धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली एकटीच खेळत होती. धुऱ्यापलीकडचं वावर वामनरावांचं. दोन वावरांची हद्द दाखवणारा एक दगड तिथे उभा होता आणि त्याच्या बुडाशीच एक भेग गेली होती. शकूने तीत हात घातला, तर हाताला लागला कोळसा.

एक नाही, ओंजळभर निघाले. सोबत एक पांढरी कवडी. शकू चक्रावली. चूल तर वर असते, मग जमिनीच्या पोटात स्वयंपाक कोणी केला? तिने वाकून भेगेत हाकही मारली. आतून कोणी ओ दिली नाही. मग तिने चार दिवस खपून ती भेग पार रिकामी केली आणि सगळे कोळसे ओच्यात भरून घरी आणले.

ते पाहून गोजरबाई दोन पावलं मागे सरकली. उघड्यावर कोळसे सापडतात ते एकाच ठिकाणी.

"मसणातून आणले काय व?"

"नाई माय. जमिनीतून."

"जमिनीत काय कोळसे पिकतात?"

पाठीत धपाटा बसला, डोक्यावरून थंड पाणी पडलं आणि कोळसे नाल्यात गेले. "कोणाले सांगू नोको," आईने बजावलं. कवडी तेवढी शकूच्या मुठीत होती, म्हणून वाचली.

आषाढात नाल्याला पूर आला. धुरा फुटला, दगड वाहून गेला. वामनरावांनी नवा धुरा घातला तो बाभळ आपल्याकडे घेऊन, नांगराची चार तासं अलीकडे. उत्तमराव चवताळले. वावरातच पंच बसले आणि गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या सोजराबाईला बैलगाडीतून आणलं.

"दगड गेला त जाऊ द्या," ती म्हणाली. "माह्या सासऱ्यानं त्या दगडाखाली कोळसे अन् कवडी पुरली, म्या पाह्यलं. लाकूड सडते, कोळसा सडत नाई. बाभळीपाशी खांदा. निघाले त धुरा तिथंच."

"निघाले त मी धुरा मांगं घेतो," वामनराव म्हणाले.

खांदलं. कंबरभर खड्डा खणला. नुसती काळी माती.

"ते म्या काढले," शकू म्हणाली. कोणी वळूनही पाहिलं नाही. तिने पुन्हा सांगितलं, मोठ्याने सांगितलं, चार बोटं दाखवून चार दिवस लागल्याचं सांगितलं.

वामनराव हसले. "उत्तमराव, लेकराले काऊन पढवता?"

पंचांनी गोजरबाईला विचारलं. पदर पुढे ओढून ती उभी होती. मसणाचा विटाळ समजून नवऱ्याची साक्ष आपणच नाल्यात टाकली, हे चार माणसांत कोणत्या तोंडाने सांगायचं?

"लेकरू हाय," ती म्हणाली. "काईबी बोलते."

शकूला रडूही आलं नाही, इतका संताप आला. खरं बोलू नको म्हणणारी आई, आणि बोललं तर खोटं पाडणारीही आईच. ती तडक घरी पळाली, खेळण्याच्या डब्यातून कवडी काढली आणि धापा टाकत परत आली. तोवर पंच उठून गेले होते. बाप खड्ड्याच्या काठाशी बसला होता. तिने कवडी त्याच्या हातावर ठेवली.

उत्तमरावांनी ती उलटी केली. फटीत अजून काळी माती होती. त्यांनी गोजरबाईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, आणि त्यांना सगळं समजलं.

"बाबा, आता पंचाईले दाखवा."

"जमिनीत होती तवा साक्ष होती, बाई," उत्तमराव म्हणाले. "आता खेळणं हाय. खेळ."

कवडी तिच्या मुठीत परत देऊन ते खड्डा बुजवायला लागले. थोड्या वेळाने गोजरबाईही वाकली आणि हातांनी माती लोटू लागली.