नेकार नदीवरची चेंडू आणणारी होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. जर्मनीतल्या नेकार नदीच्या काठी, आमच्या रग्बी क्लबच्या कुरणाशेजारी पालथी पडून असते. सकाळचं धुकं अंगावर आलं की आपण पाण्यातच आहोत असं वाटतं आणि जुन्या गोष्टी आठवू लागतात. त्यांतल्या काही खरोखर घडलेल्याही आहेत.

मी ओकच्या फळ्यांची. मला बांधलं तेव्हा हा क्लब वल्हेकऱ्यांचा होता. हिवाळ्यात नदी गोठायची आणि हे लोक रिकामे बसून जाडे व्हायचे. मग कुणीतरी परदेशातून एक लांबोडका चेंडू आणला. आमच्या माणसांना तो खेळ पहिल्याच दिवशी जमला. जमणारच. वल्हेकरी पाठ करून बसतो आणि पुढे जातो. रग्बीत चेंडू हातानं मागे द्यायचा आणि सगळ्यांनी मिळून पुढे सरकायचं. उलटं वागून सुलट पोचायची त्यांना सवयच होती.

कुरण नदीला अगदी लागून. जरा उंच लाथ बसली की चेंडू पाण्यात. तो आणायचं काम माझ्याकडे आलं. ज्यानं चेंडू पाण्यात घातला त्यानं माझ्यात बसायचं, मग तो पाहुणा का असेना, असा आमचा रिवाज पडला. एकदा एका थोरल्या माशानं चेंडू गिळला आणि तो फुगून वर तरंगू लागला. खेळाडूंनी उरलेला सामना त्या माशालाच घेऊन खेळला. तो हातातून फार निसटायचा, एवढीच काय ती तक्रार होती.

मग युद्ध आलं. खेळणारे गेले, बरेचसे परत आलेच नाहीत. बाकीच्या होड्या एकेक करून चुलीत गेल्या. होडीघर राखणारी ऑटिली हागमान ही म्हातारी मात्र, कुणी कुऱ्हाड घेऊन आलं की माझ्यावर येऊन बसायची आणि मोजे विणत राहायची. म्हणून मी वाचले.

युद्ध संपलं तेव्हा क्लबजवळ एकच चेंडू होता. कुरण नांगरून बटाटे लावायचे, असं नगराध्यक्षांच्या मनात होतं. लोक उपाशी होते, त्यांचंही चुकत नव्हतं.

"एक अख्खा सामना खेळून दाखवा," ते आमचा कप्तान वेंडेलिन याला म्हणाले. "तीस माणसं, शेवटच्या शिट्टीपर्यंत. जमलं तर कुरण तुमचं. नाहीतर सोमवारी नांगर."

"जमवू," वेंडेलिन म्हणाला. तो पाव भाजायचा, पण पीठच नसल्यानं हल्ली मोकळा असायचा.

नदीच्या वरच्या अंगाचं रोटहाइम गाव खेळायला आलं. शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा रोटहाइमकर तीन गुणांनी पुढे होते. त्यांचा कप्तान एगोन यानं एक लाथ हाणली आणि चेंडू थेट नदीत. वसंताचं पाणी चढलेलं, त्यात धुकं.

"बस बाळा," ऑटिली वल्ही घेत एगोनला म्हणाली.

"मला वल्हवता येत नाही, आजी."

"तुला कोण वल्हवायला सांगतंय? माझी पाठ आहे तिकडे. तू नुसतं बघ आणि सांग."

आम्ही निघालो. काठावरचा आरडाओरडा विरत विरत स्वप्नातल्यासारखा झाला. पांढऱ्या धुक्यात नुसती वल्ह्यांची लय. मग पुढे, बंधाऱ्याच्या तोंडाशी चेंडू दिसला. एगोनला दिसला, हे मला कळलं, कारण त्याचे गुडघे माझ्या फळीवर घट्ट झाले.

"दिसतोय का?" ऑटिलीनं विचारलं.

त्यानं 'नाही' म्हटलं की सामना तिथंच संपला. रोटहाइमचे तीन गुण शाबूत, गावात मिरवणूक. आमच्या कुरणावर नांगर.

"आजी, तुम्ही वळून का बघत नाही?"

"वळलं की वल्हं चुकतं. आणि तू आहेस की बघायला."

एगोननं एकदा तिच्या पाठीकडे पाहिलं, मग पुढे.

"डावीकडे," एगोन म्हणाला. "अजून डावीकडे. आता जोरात."

माझ्या काठावर पोट टेकून त्यानं दोन बोटांनी चेंडू धरला. मी बादलीभर पाणी प्यायले, पण उलटले नाही.

काठावर त्याचे सोबती वाट बघत होते. "अरे, तुला चेंडू बुडवायला पाठवलं होतं की काढायला?"

"गप्प बसा रे. भिजलोय मी."

शेवटच्या मिनिटाला वेंडेलिननं तोच चेंडू रेषेपलीकडे टेकवला, वरची लाथही खांबांमधून गेली आणि पाच गुण मिळाले. शिट्टी वाजली आणि रोटहाइम दोन गुणांनी हरलं. पुढे वर्षभर त्याच्या गावात एगोनला 'कोळीबुवा' म्हणत. नदी वरच्या गावांच्या बातम्या आणते, म्हणून मला ठाऊक.

नगराध्यक्षांनी शब्द पाळला. बटाटे मात्र गोलखांबांच्या मागे लावलेच. त्या वर्षी आमचे गडी पडायचे वाफ्यात आणि उठायचे खिशात बटाटे घेऊन.

आता काठाला उंच जाळी आहे. चेंडू पाण्यात पडत नाही. क्लबच्या पोरीसुद्धा खेळतात, दमल्या की माझ्या पाठीवर बसतात. सगळे मला जपतात, पाऊस लागू देत नाहीत. पण मित्रांनो, लाकडी होडी कोरडी ठेवली की तिचे सांधे उघडतात. पाण्यात असली की फळ्या फुगतात आणि एकमेकींना घट्ट धरतात. तेव्हा वर्षातून एकदा मला नदीत ढकला. वल्ही आपल्यातल्या कुणाच्या हाती द्या. पुढे बघायला मात्र पाहुण्यांतला कुणीतरी बसवा, आणि तो डावीकडे म्हणाला की डावीकडेच घ्या.