अकरावी खुर्ची

मावशीने फडका पिळला, मधल्या खुर्चीची बैठक पुसायला घेतली आणि हात झटकन मागे ओढला. लाकूड थंडगार लागत होतं.

कुणी म्हणेल, लाकूड थंड लागलं तर त्यात काय एवढं? पण सव्वीस वर्षं ही खुर्ची रोज सकाळी तिच्या हाताखालून जात होती, आणि रोज ती कोमट लागायची. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी. खोलीला रात्रभर कुलूप, किल्ली मावशीच्या कमरेला, आणि त्या बाजूला ऊन यायला खिडकीसुद्धा नाही. पहिल्या वर्षी तिच्या अंगावर काटा आला होता. पुढे सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. तिने हे कुणाला सांगितलं मात्र नाही. आपलं हसं आपणच कशाला करून घ्या?

खुर्ची होती चर्चच्या कमिटीच्या खोलीतली. लांबलचक टेबल, भोवती अकरा सारख्या खुर्च्या, आणि कमिटीची माणसं दहा. चर्चच्या पहिल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, घालून दिलेली रीत अशी, की मधली खुर्ची प्रभूची, तिच्यावर कुणी बसायचं नाही. मतं समसमान पडली तर तो विषय त्या खुर्चीवर ठेवायचा, म्हणजे पुढच्या सभेत पुन्हा मतं घेईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. चहाचे कपसुद्धा अकरा. अकरावा कप त्या खुर्चीपुढे ठेवायचा, आणि सभा उठली की मावशीने तो गार झालेला चहा ओट्याशी उभ्याउभ्याने प्यायचा. मागच्या भिंतीवर त्या पाळकांनी स्वतः रंगवलेली अक्षरं होती, ‘ख्रिस्त मधोमध’. अजूनही होती म्हणा, पण त्यांच्यावर आता नव्या इमारतीचा नकाशा चिकटवला होता.

त्या नकाशाकडे बघायचं मावशी टाळायची. कमिटीच्या खोलीपलीकडे चर्चचं स्वयंपाकघर, त्याला लागून तिच्या दोन खोल्या होत्या, आणि नकाशात बरोबर त्याच जागी ‘स्टेज’ असं लिहिलेलं होतं. नवरा गेल्यापासून ती तिथे राहत होती. मूलबाळ नव्हतं. भाऊ होता, पण भावजय तिला दारातसुद्धा उभी करणार नव्हती. खोल्या पाडायच्या की ठेवायच्या यावर तीन सभांमध्ये पाच विरुद्ध पाच झालं होतं, आणि विषय तीनदा खुर्चीवर जाऊन बसला होता.

“कुठे गेलास?” मावशीने खुर्चीला विचारलं. ती तिच्याशी अशीच बोलायची, भीडभाड न ठेवता. “तीन सभा गप्प बसलास ते बसलास. आज पुन्हा माझाच विषय आहे, आणि आजच तुला काढता पाय घ्यायचा होता?”

मागे बूट वाजले. कमिटीचा अध्यक्ष आत आला. धंद्याने कंत्राटदार, सगळे त्याला तेच म्हणायचे. त्याच्या काखेत लाल मखमली उशी होती.

“मावशी, ही मधल्या खुर्चीवर ठेवा. आजपासून मी तिथे बसणार.”

“साहेब, ती खुर्ची...”

“कुणाची आहे ते ठाऊक आहे मला. पण प्रभू काय एका खुर्चीत मावतो? तो सगळीकडे आहे. इथे मात्र कामं अडून बसलीत. खुर्चीचं मत कुणीतरी द्यायला नको का?”

तसा तो वाईट माणूस नव्हता. चर्चचं गळकं छप्पर त्यानेच स्वतःची माणसं लावून बदललं होतं, आणि तेव्हापासून त्याला अडवायची कुणाची टाप नव्हती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

“आणि माझी जुनी खुर्ची इथे अडचण नको,” तो जाता जाता म्हणाला. “ती तुमच्या स्वयंपाकघरात टाका.”

मावशीने उशी ठेवली. मग कंत्राटदाराची जुनी खुर्ची उचलली. उचलली तेव्हा ती हलकी होती, पण दारातून आत नेईपर्यंत मावशीला धाप लागली. खाली ठेवायला दोनदा थांबावं लागलं. लाकडाची खुर्ची ती, असून असून किती जड असणार? ओट्याजवळ, दाराकडे तोंड करून तिने ती टेकवली आणि हात सवयीने फडक्याकडे गेला म्हणून बैठक पुसली.

बैठक कोमट होती.

फडका तिच्या हातातून गळून पडला. तिने तो उचलला, आणि खुर्चीकडे पाठ न करता, भिंतीच्या कडेकडेने ती बाहेर आली.

दुपारी चारला कमिटी बसली. तरुण पाळकाने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. “प्रभू, तू आमच्या मधोमध...” इथे त्याने डोळे किंचित उघडले आणि तो अडखळला, कारण मधोमध कंत्राटदार बसला होता. पुढची प्रार्थना त्याने घाईघाईने उरकली.

आत मावशीने चहा गाळला. अकरा कप भरले तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की अकरावा ठेवायला आता टेबलावर जागाच नाही. दहा कप ट्रेमध्ये घेतले. अकरावा तिने ओट्याच्या कडेला, त्या खुर्चीच्या हाताशी सरकवला.

“घे,” ती खाली मान घालून पुटपुटली. “आज इथेच घे.”

ट्रे घेऊन ती दारात आली तेव्हा कंत्राटदाराने तिला हातानेच थांबवलं. “थोडं थांबा मावशी, आधी हात मोजून होऊ द्या.”

आपलं घर पाडायला किती हात वर होतात, हे बघत ती उंबऱ्यावर उभी राहिली. पाच झाले.

“आणि हे खुर्चीचं,” असं म्हणून कंत्राटदाराने दुसराही हात वर केला. “सहा. लिहा गुरुजी.”

गुरुजी कमिटीचे चिटणीस. चाळीस वर्षं शाळेत पोरांची डोकी मोजलेला माणूस. त्यांच्या मोजण्यात चूक काढणारा अजून जन्मायचा होता. त्यांनी सहाचा आकडा लिहिला.

“विरुद्ध?” त्यांनी विचारलं आणि स्वतःचाच डावा हात वर केला. पाळकाने केला, शिंप्याने केला, नर्सबाईंनी केला, ऑर्गन वाजवणाऱ्या म्हातारीने केला. गुरुजींचं पेन एकेका हातावरून फिरू लागलं. “एक. दोन. तीन. चार. पाच.” पेन थांबलं नाही. ते टेबल ओलांडून दाराकडे वळलं, मावशीच्या खांद्यावरून पलीकडे गेलं. “सहा.”

“गुरुजी, चष्मा पुसा जरा,” कंत्राटदार हसला.

गुरुजींनी चष्मा पुसला. पुन्हा मोजलं. पुन्हा सहा.

“पाळक, तुम्ही मोजा हो.”

पाळक उठला. बोटाने मोजत मोजत तोही दारापर्यंत आला, आणि त्याचं बोट हवेतच राहिलं. मग त्याने मानेनेच होकार दिला.

“मावशी!” कंत्राटदार ओरडला. “तुम्ही हात वर केलात?”

“कुठला करू साहेब? दोन्ही हात तर ट्रेला आहेत.”

खरंच होते. गॅस तिने केव्हाच बंद केला होता, तरी तिच्या मानेला मागून ऊब लागत होती. तिने वळून बघितलं नाही. आपण भित्र्या आहोत, हे तिला त्या क्षणी अगदी लख्ख कळलं.

मधल्या खुर्चीवरून मात्र दार सरळ समोर दिसायचं. कंत्राटदार तिच्या खांद्यावरून आत बघत राहिला. बघता बघता त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. त्याचे दोन्ही हात हळूहळू खाली आले. मग तो उठला, उशी काढून काखेत मारली आणि भिंतीला टेकून उभा राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

“सहा विरुद्ध सहा,” गुरुजी लिहिता लिहिता म्हणाले. “विषय खुर्चीवर.”

“कुठल्या खुर्चीवर?” नर्सबाईंनी हळूच विचारलं.

गुरुजींचं पेन थांबलं. मधली खुर्ची रिकामी होती, पण तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. दहाच्या दहा जणांची तोंडं स्वयंपाकघराच्या दाराकडे होती.

चहा सगळ्यांनी उभ्याउभ्याच संपवला. एरवी जाताना दारात तासभर गप्पा ठोकणारी माणसं खालमानेने एकेक करून निघून गेली. कंत्राटदार शेवटी गेला. जाण्याआधी त्याने आपला कप स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणून ठेवला. आत पाऊल टाकलं नाही.

मावशीने कप गोळा केले. आत जायला तिला जिवाचा हिय्या करावा लागला. एवढी भांडी पडलेली, आणि धुणारी तर तीच.

खुर्ची ओट्याजवळ होती तशीच होती, रिकामी. मावशीने सुस्कारा टाकला आणि अकराव्या कपाकडे हात नेला. कप तिथे नव्हता.

तो भांड्यांच्या जाळीवर होता. धुऊन पालथा घातलेला. कपाच्या कानाजवळून पाण्याचा एकेक थेंब अजून ठिबकत होता. खिळ्यावरचा टॉवेल घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. तिने हात लावून पाहिला. ओला होता.

सव्वीस वर्षांत तिने किती कप विसळले असतील याला गणती नव्हती. तिच्यासाठी या घरात कुणी एक कप विसळला नव्हता.

तिची भीती कुठच्या कुठे गेली. ट्रे ओट्यावर ठेवून ती त्या खुर्चीच्या पायाशी खाली फरशीवर बसली, टॉवेल छातीशी धरला आणि हमसाहमशी रडू लागली.

“ठेवायचास की रे तसाच,” ती म्हणाली. “मी धुतला असता.”