रुळाचा तुकडा

उतरता फाल्गुन. धूळधूसर, मंदमंद, केशरी सांजवेळ. करडई काढलेल्या रानातून मातीचा एक उंच बांध सरळ क्षितिजापर्यंत जातो आणि त्यावर आता नुसत्या बोरी-बाभळी माजल्या आहेत. एके काळी या बांधावरून धूम्रकेशा, लोहपावली, मंदगामिनी अशी छोटी गाडी जात असे. गाडी बंद झाली, रूळ उचलून नेले, रुळांखालच्या लाकडी स्लीपरांचे घरोघरी उंबरठे झाले. उरला दगडी फलाट, फलाटावरचा लिंब, आणि रुळाचा एक हातभर तुकडा.

हा तुकडा पूर्वी स्टेशनात टांगलेला असे. त्यावर हातोडा पडला की गाव समजून जाई, मागच्या स्टेशनातून गाडी सुटली! पुढे तो मारुतीच्या देवळात आला. सांजेच्या आरतीला नागू गुरव तो वाजवू लागला.

टण्ण. टण्ण. टण्ण.

तो आवाज आला, की केवळाची सासू गोजरबाई उठायची. लुगड्याचं गाठोडं काखेत मारून माहेरी, आंबेसावळीला, निघायची. फलाटावर जाऊन बसायची. रोजच्या रोज! माहेरी आता कुणी उरलं नाही, हे सांगून सांगून केवळाची जीभ झिजली.

दिवसभर केवळा रानात खपे, आणि सांजेला तव्यावरची भाकरी तशीच टाकून सासूमागे धावे. "अहो आत्याबाई, कुठली गाडी? कवाच बंद झाली ती!" गोजरबाई म्हणे, "आज चुकली वाटतं. उद्या जाईन." आणि घरी येऊन करपलेली भाकरी मुकाट्याने खाई. केवळा थकली हो. हाडातून थकली, मनातून थकली. म्हणून तिनेच गुरवाचा पिच्छा पुरवून देवळात तुकड्याच्या जागी नवी पितळी घंटा बसवून घेतली.

त्या सांजेला देवळातून सुवर्णकोमल, मंजुळ नाद आला. गोजरबाई जागची हलली नाही. एकही भाकरी करपली नाही.

पण सासू ताटावर बसेना. मांडीवर गाठोडं, नजर दाराकडे. दुसऱ्या दिवशीही तेच. पुढे तर पाणीसुद्धा नको म्हणू लागली.

"आत्याबाई, दोन घास तरी खावा."

गोजरबाईने मान वळवली. "गाडी बंदच झाली का गं?"

इतकी वर्षं घसा कोरडा करून केवळा हेच तर सांगत आली होती. आज "हो" म्हणायला मात्र तिची जीभ रेटेना.

ती तशीच उठली. देवळामागच्या अडगळीतला तो गंजका, जड तुकडा पदराने पुसला, फलाटावरच्या लिंबाला टांगला, आणि घरून आणलेला खलबत्त्यातला बत्ता त्यावर हाणला.

टण्ण. टण्ण. टण्ण.

गोजरबाई आली. वाकलेली, धापलेली, गाठोडं काखेत. केवळाने आज तिला परत ओढलं नाही. शेजारी बसली, भाकरीचं फडकं सोडलं.

"तिकीट काढलंस का गं?"

"काढलं, आत्याबाई. दोन काढली. गाडी यायची आहे अजून, तोवर खाऊन घ्या."

गोजरबाईने घास मोडला. लिंब काळवंडला, बांध काळवंडला, आणि त्या लांब, रित्या, रूळहीन वाटेकडे बघत दोघीजणी भाकरी खात राहिल्या. भाकरी एका अंगाने करपली होती.