सहावी बाजू

डाव्या पुढच्या टायरची नक्षी बाहेरच्या कडेला सहा मिलिमीटर खोल होती आणि आतल्या कडेला साडेतीन. तिनं स्टिअरिंग पूर्ण वळवून ठेवलं होतं आणि चाकापाशी उकिडवी बसून खिशातली स्टीलची पट्टी खाचेत उभी धरली होती. तीन ठिकाणी मोजलं. मग उजवं टायर मोजलं. तिथं दोन्ही कडा सहाच्या सहा.

"आपण गाडी घेतोय की तिला चपला?" नवरा खिडकीतून म्हणाला.

ती हसली. पट्टी पुसून तिनं परत खिशात ठेवली.

गाडी धाकटा दीर जिथं नोकरी करायचा त्या कंपनीची होती. कंपनी गाड्या भाड्यानं द्यायची आणि दोन वर्षं झाली की विकून टाकायची. विकायला काढलेली गाडी आधी नोकरांच्या घरच्यांना मिळे, तीही चार आठवडे वापरून बघायला. भाड्यानं फिरलेली गाडी घ्यावी की नाही, यावर घरात महिनाभर काथ्याकूट झाला होता. नवरा म्हणायचा, अशी गाडी तारखेच्या तारखेला सर्व्हिसला जाते, आपल्यासारखं आज-उद्या करत नाही. सासूबाई म्हणायच्या, भाड्याच्या घोड्याला चाबूक जास्त आणि चारा कमी. त्यावर दीर म्हणायचा, आई, हा घोडा माझ्या हाताखालून गेलाय. परत आलेल्या गाड्या तपासायचं काम तो आठ वर्षं करत होता, आणि ही गाडी म्हणजे बावनकशी सोनं, असं त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

शेवटचा शब्द मात्र तिचा होता, कारण चालवणार तीच. नवऱ्याचा एक डोळा लहानपणापासून अधू, त्याला अंतराचा अंदाज येत नसे. सासूबाईंना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे आणि परतताना त्यांना बसची पायरीसुद्धा चढवत नसे. गाडी हवी याबद्दल दुमत नव्हतंच. जो तो तिला विचारी, मग घ्यायची ना? ती म्हणे, बघू.

बघू म्हणायची तिला सवयच होती. औषधांच्या कारखान्यात ती गोळ्यांचं वजन तपासायची, आणि तीनदा मोजल्याशिवाय वहीत काही चढवायचं नाही हा तिथला नियम तिच्या अंगात मुरला होता. पण खरं कारण ते नव्हतं. तिला त्या गाडीची भीती वाटत होती आणि स्वतःच्या भीतीवर तिचा विश्वास नव्हता. घरात तिला भागूबाईच म्हणत. लिफ्ट मध्येच थांबली, गॅसचा वास आल्यासारखा वाटला, रात्री नळ ठिबकला, की लगेच भित्री भागूबाई. दहातल्या नऊ वेळा काहीच निघत नसे, हेही तिचं तिनंच मोजलं होतं.

पहिल्याच आठवड्यात नदीवरच्या पुलावर, जिथे दोन भागांमध्ये लोखंडी पट्टी होती, तिथे पायाखाली टक् असा आवाज झाला. बोटं मोडल्यासारखा, एकच. मागच्या सीटवर सासूबाई खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तिनं कारखान्याच्या मागचा सरळ, मोकळा रस्ता धरला, चाळीसचा वेग ठेवला आणि स्टिअरिंगवरची बोटं किंचित उचलली. गाडी डावीकडे सरकत कडेच्या पांढऱ्या रेघेला भिडेपर्यंत अकरा सेकंद लागले. उलट दिशेनं येतानाही डावीकडेच. म्हणजे दोष रस्त्याच्या उताराचा नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात नऊ सेकंद लागले.

तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, दोन सेकंदांचा फरक तर तुझ्या डोळ्याच्या उघडझापीतही पडेल. यात तथ्य होतं. पण आता जेवताना, झोपताना, काट्यावर गोळ्या ठेवताना तिला तो आवाज ऐकू येई. पूल जवळ आला की ती आरशात सासूबाईंच्या पट्ट्याकडे बघे, लावलाय ना, घट्ट आहे ना.

तिसऱ्या आठवड्यात सहा सेकंद लागले. टायरची आतली कडा अडीचवर आली होती.

त्या संध्याकाळी तिनं दिराला गाडीचे जुने कागद आणायला सांगितले. त्यानं आनंदानं आणले. गाडी परत आली की एकेक कागद भरायचा, त्यावर गाडीची चित्रं छापलेली, जिथं चरा किंवा पोचा असेल तिथं फुली मारायची आणि खाली सही करायची. फुलीचे पैसे ग्राहकाकडून वसूल होत. दोन वर्षांचा गठ्ठा होता आणि फुल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

तिनं चित्रं मोजली. पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून.

"भाऊजी, पाच आहेत. खालची बाजू कुठंय?"

"खालची?" तो हसायला लागला. "वहिनी, गिऱ्हाईक काय गाडीखाली झोपून बघतं? जे त्याला दाखवता येत नाही त्याचे पैसे मागता येत नाहीत. मग छापायचं कशाला?"

"मग खाली कोण बघतं?"

"सर्व्हिसवाले."

"कधी?"

"तारीख आली की." त्यानं भावाकडे पाहिलं. "दादा, भागूबाईंना आता गाडीचं पोट बघायचंय."

सगळे हसले, तीही हसली. हसता हसता तिनं एक कागद बाजूला काढला. चार महिन्यांपूर्वीचा होता. डाव्या पुढच्या चाकावर फुली, पुढे 'रिमला चरा', खाली दिराची ठसठशीत सही. तिनं विचारलं, तेव्हा त्यालाही आठवलं. पावसात कुणीतरी दुभाजकावर चढवली होती. पैसे भरून घेतले, रिमला पॉलिश केलं, दोन तासांत गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला दिली. सर्व्हिसला अजून पाच महिने होते.

तिनं कागद पर्समध्ये ठेवला. नवऱ्यानं विचारलं, मग काय ठरलं? ती म्हणाली, बघू.

नंतर तिला त्या एका शब्दाची लाज वाटत राहिली, कारण दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि शनिवारी डायलिसिस. टॅक्सी करावी असं तिच्या मनात आलं, पण कारण काय सांगायचं? भीती वाटते?

जाताना काही झालं नाही. येताना पुलाच्या उतारावर मागून ट्रक आला. तिनं त्याला वाट द्यायला गाडी जराशी डावीकडे घेतली, चाक लोखंडी पट्टीवरून गेलं आणि या वेळी टक् झालं नाही, कड्ड झालं. स्टिअरिंग तिच्या हातातून स्वतःहून फिरलं. कठडा एकदम जवळ आला, इतका की त्याच्यावरचे रंगाचे पोपडे तिला दिसले. तिनं दोन्ही हातांनी उजवीकडे ओढलं, ब्रेकवर पाय हळूहळू दाबला, एकदम नाही, एकदम नाही, असं ती स्वतःशी पुटपुटत होती. गाडी थांबली. कठडा आणि आरसा यांच्यामध्ये वहीची जाडी होती. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

"आलं का घर?" सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही आई. झोपा तुम्ही." तिनं गाडीचे धोक्याचे दिवे लावले. मग नवऱ्याला फोन केला, सासूबाईंना टॅक्सीत बसवून घरी पाठवलं आणि गाडी ओढून नेणाऱ्या माणसाची वाट बघत कठड्याला टेकून उभी राहिली. खाली पाणी होतं. तिनं तिकडे बघितलं नाही.

गॅरेजमध्ये नवरा आणि दीर तिच्याआधी पोचले होते. मेकॅनिक म्हातारा होता, अबोल. त्यानं गाडी लिफ्टवर चढवली आणि तिघांना खाली बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती एखाद्या गाडीची सहावी बाजू बघत होती. तेलकट, चिखल वाळलेली, अनोळखी. डाव्या चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्मपाशी मेकॅनिकनं पहार घालून किंचित दाब दिला. आर्मला पडलेली भेग उघडली. आत बहुतेक भाग तांबडा, गंजलेला होता. कडेला बोटभर जागा मात्र नव्या नाण्यासारखी चकाकत होती.

"तांबडं जुनं," तो म्हणाला. "चकचकीत आजचं. एवढ्याशाच्या जोरावर तुम्ही आजवर गाडी चालवलीत."

मग त्यानं आपण होऊन सांगितलं की भाड्याच्या गाड्या त्याच्याकडे पुष्कळ येतात, बहुतेक ठणठणीत असतात. फक्त घ्यायच्या आधी वर उचलून बघावं. तेवढं कोणी करत नाही.

दीर त्या भेगेकडे बघत राहिला. मग तो तिच्याजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला की गाडी परत देऊ, पसंत नाही पडली म्हणून सांगू, तो सगळं निस्तरेल. फक्त तो कागद तिनं त्याला द्यावा. आठ वर्षांची नोकरी आहे, वहिनी, आणि सही माझी आहे.

"परत दिली तर पुढे काय होतं तिचं?" तिनं विचारलं.

त्यानं नुसता हात पुढे केला. तिला ठाऊकच होतं. धुऊन, पुसून, दारात उभी करतात. पाच बाजूंनी सुरेख दिसते. मागच्या सीटवर कुणाची तरी आई बसते.

नवऱ्यानं भावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बोल," तो म्हणाला. "बघू म्हणू नकोस."

तिला अजूनही भीतीच वाटत होती. या वेळी ती गाडीची नव्हती, समोर उभ्या असलेल्या दोन भावांची होती, रोजच्या जेवणाच्या टेबलाची होती. तिनं पर्समधून कागद काढला, पण दिराच्या पुढे केलेल्या हातात दिला नाही.

"ही गाडी आपण घ्यायची नाही," ती म्हणाली. "आणि गुपचूप परतही द्यायची नाही. काय मोडलंय, कधीपासून मोडलंय, सगळं लिहून, त्याला हा कागद जोडून कंपनीला द्यायचं. भाऊजी, पहिली सही मी करते. दुसरी तुम्ही करा."