जबाबदार व्यक्तीचा रकाना

आमच्या धंद्यात माझ्यासारख्यांना 'ओलीस' म्हणतात. कंपनी ग्राहकाकडे नवं सॉफ्टवेअर बसवते आणि तो लेखी 'स्वीकारलं' म्हणेपर्यंत आपलं एक माणूस त्याच्या ऑफिसात ठेवून देते. पूर्वी मी तिथे बसून खरंच काहीतरी करायची. आता कोड सॉफ्टवेअरच लिहितं, चुका तेच शोधतं, तेच निस्तरतं आणि वर अदबीने माफीही मागतं. पण माफी मागणाऱ्या स्क्रीनवर ओरडून कुणाचं समाधान होत नाही. ओरडायला समोर माणूस लागतो, म्हणून मला विमानात बसवून पाठवतात.

कंपनीच्या मासिकात मी उद्याच्या तंत्रज्ञानावर लेखही लिहिते. गेल्या लेखात मी ठणकावून सांगितलं होतं, की यापुढे काम कुठूनही करता येईल, जागेला काही अर्थच उरणार नाही. तो लेख मी औषधांच्या एका गोदामात, खिडकी नसलेल्या मीटिंग रूममध्ये बसून लिहिला. लांब टेबल, कुणीतरी अर्धवट पुसलेला फळा आणि काही केल्या बंद न होणारा एसी. दोन स्वेटर चढवून मी जगाचं भविष्य लिहीत होते.

तिकडे घरी, गुरुवारी बाबांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. ताईचा रोज फोन यायचा.

"कधी निघतेस?"

"सही झाली की लगेच."

"तू तिथे करतेस तरी काय?"

"बसते."

"बसायचंच आहे तर इथे येऊन बस की! बाबा तोंडाने काही बोलत नाहीत, पण दार वाजलं की मान वळवून बघतात."

तिला म्हटलं, बघते, आणि फोन ठेवल्यावर त्या 'बघते'ची मलाच लाज वाटली.

घोडं अडलं होतं गोदामाच्या मॅनेजरपाशी. कुठली औषधं आधी कुठल्या दवाखान्यात पाठवायची, हे आमचं सॉफ्टवेअर ठरवायचं, आणि उत्तम ठरवत होतं. तरी हे गृहस्थ रोज सकाळी यायचे, स्वीकृतीचं पान उघडायचे, चष्मा काढायचे, पुसायचे आणि "आज बघतो हं" म्हणून निघून जायचे. माझ्या नाकी नऊ आले होते. बुधवारी मी त्यांना दारातच गाठलं.

"सर, एकदा काय ते सांगून टाका. चुकतंय कुठे?"

"चुकत नाही हो, तेच तर!" ते धपकन खुर्चीत बसले. "काल त्याने एक गाडी भलत्याच रस्त्याने पाठवली. बरोबरच निघालं. मी विचारलं, का रे बाबा? तर त्याने पानभर कारणं दिली. मला एक कळलं असेल तर शपथ. उद्या चुकलं, तर वरचे मला विचारतील, तुम्ही त्याचं ऐकलंत का? मी काय सांगू? रिटायर व्हायला आलोय मॅडम. मला अडकवू नका."

त्यांचं बोट लॅपटॉपवर उघडलेल्या पानाच्या शेवटच्या रकान्यावर होतं: जबाबदार व्यक्ती. सॉफ्टवेअरला शंका आली की ते थांबतं आणि या व्यक्तीला विचारतं. तिने 'हो' म्हटल्याशिवाय गाडी हलत नाही. ही व्यक्ती माणूसच असावी लागते. माझ्या लेखांत मी याला 'माणूस केंद्रस्थानी' असं म्हटलंय, आणि ते वाचून लोकांनी मला शाबासकीही दिली आहे.

"माझं नाव घाला," मी म्हणाले.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग चटकन लॅपटॉप पुढे ओढला. माझा विचार बदलायच्या आत त्यांना ते उरकायचं होतं. सही झाल्यावर माणूस पहिल्यांदा हसला आणि माझ्यासाठी चहाबरोबर बिस्किटं मागवली. माझ्या बॉसलाही भलता आनंद झाला. "तात्पुरतं तर आहे," तो फोनवर म्हणाला, "पुढच्या आठवड्यात नाव बदलून टाकू." नाव बदलायला मॅनेजरची संमती लागते, हे मी विमानात, पट्टा बांधून बसल्यावर वाचलं. मी कपाळाला हात लावला. तो गृहस्थ आता संमती देतोय होय!

तरी पोचले. सुटले बुवा एकदाची, असं वाटलं ते टॅक्सीत बसेपर्यंतच. टॅक्सीत फोन वाजला, हॉस्पिटलच्या पायरीवर वाजला, लिफ्टमध्ये वाजला. हो, हो, हो.

बाबा हिरव्या गाऊनमध्ये पडून होते. कवळी काढून घेतल्यामुळे तोंडावर हात धरून बोलत होते, लाजल्यासारखे. मला पाहून त्यांनी तो हात काढला आणि माझं मनगट धरलं. मी आयुष्यात त्यांना इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"बाल्कनीतला नळ," ते म्हणाले, "जोरात पिळू नकोस. आटे गेलेत त्याचे. हळूच—"

फोन वाजला.

"घे घे," त्यांनी लगेच माझा हात सोडला. "कामाचा असेल."

मी बाहेर पॅसेजमध्ये गेले. बर्फाच्या पेटीत ठेवलेली इंजेक्शनं घेऊन एक गाडी चौकात उभी होती. दोन दवाखान्यांना ती एकाच वेळी हवी होती. आधी कुठे? सॉफ्टवेअरने एक दवाखाना सुचवला होता आणि खाली पानभर कारणं दिली होती. दोन्हीकडे कुणाचे तरी बाबा असणार. मी ती कारणं वाचली. पुन्हा वाचली. मला एकही कळलं नाही. मी 'हो' दाबलं.

परत आले तर पलंगाची जागा रिकामी होती. ताई भिंतीला टेकून उभी होती, हातात कवळीची डबी.

"नेलं?"

"आत्ताच. मी हाक मारली तुला. तू फोनवर मान खाली घालून उभी होतीस."

"काही म्हणाले?"

"विचारलं, ती परत गेली का?"

"मग?"

"म्हटलं, नाही हो, इथेच आहे, दाराबाहेर." ताईने डबीचं झाकण घट्ट लावलं. "मान हलवली त्यांनी. पण माझीच समजूत घातल्यासारखी."