आभाळातले दोन बार

आमच्या घरात बंदूक आली तेव्हा मी नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. फौजेतून सुटून आलेला माणूस घरी काय आणतो? ट्रंक आणतो, घोंगडी आणतो, फार तर बायकोला एखादं लुगडं. आमच्या देवरावांनी रीतसर परवाना काढला आणि दुनळी बंदूक आणून नागपूरच्या इंदोऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत टांगली. तीही बाबासाहेबांच्या फोटोच्या समोरच्या भिंतीवर.

"रोज सकाळी पंचशील म्हणता," मी शेवटी न राहवून म्हणाले. "पहिलंच शील म्हणते, जीव घेऊ नका. आन भिंतीवर हे काहून?"

"हाताले सवय हाये वं," ते म्हणाले. "रिकामा हात बरा नाही वाटत."

महार रेजिमेंटचे हवालदार होते ते. पासष्टच्या लढाईहून परत आले, पेन्शन घेतली, अंगावर एक ओरखडा नव्हता. शेजारणी म्हणायच्या, प्रेमिला नशिबाची आहे. मी मान डोलवायची. पण नशिबाच्या या प्रेमिलेचा नवरा रात्रभर डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत पडायचा, नाहीतर ओट्यावर जाऊन बसायचा. डॉक्टरच्या गोळ्यांनी दिवसा गुंगायचा आणि रात्री परत तसाच. तिकडं काय झालं ते मी विचारलं नाही असं नाही. ते म्हणायचे, "झालं ते झालं," आणि विडी पेटवायचे. गालांची हाडं वर आली होती. झोपेवाचून माणूस किती टिकतो, ही एकच धास्ती मला त्या दिवसांत खात होती. मंगळसूत्राला हात लावून मी ज्याच्यापुढं रडले असते असा देवही धम्म घेतल्यापासून घरात नव्हता, म्हणून मग नुसतीच रडायची.

मग कुणाच्या तरी लग्नाला आम्ही मौद्याकडे गेलो. तिथं मांडवात सगळ्यांच्या तोंडी एकच गाऱ्हाणं, रानडुकरं. भुईमूग उकरतात, जवारी आडवी करतात. नागपूरचे शौकीन लोक जीपगाड्या घेऊन यायचे, वाटेल त्याच्या वावरात घुसायचे, उभं पीक तुडवून एखादं डुक्कर पाडायचे आणि निघून जायचे. परवानगी मागायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. आमच्या ह्यांनी मात्र विचारलं, सगळ्यात जास्त नास कोणाच्या वावरात? लोक म्हणाले, भागीरथाबाईच्या. बाई एकटी, नवरा वारलेला, पोरगी तारा दिली तिकडं भंडाऱ्याला. ह्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि थेट तिच्या दारात जाऊन उभे राहिले. मी मागं होतेच.

भागीरथाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. वाळकी, काळीसावळी, पांढऱ्या लुगड्यातली बाई. "जय भीम" झाल्यावर ह्यांनी विचारलं, "माय, तुमच्या वावरात डुकरांवर बंदूक चालवाची परवानगी पायजे."

तिनं ह्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आतापरेंत कोणी विचारलं नाही गा," ती म्हणाली. "विचारलं म्हणून देतो. पण मारू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे बार करा. आवाज करा. डुकरं पळली पायजेत. पण रगत माझ्या वावरात सांडाचं नाही."

मला हसू आवरेना. शिकारीची परवानगी, पण शिकार करायची नाही! मला वाटलं हे आता टोपी डोक्यावर चढवून निघतील. ह्यांनी मात्र पलटणीत साहेबापुढे उभं राहावं तशा टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "कबूल."

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी एस.टी.नं मौदा आणि रविवारी दुपारी परत, असा क्रम सुरू झाला. तिन्हीसांजेला डुकरं नाल्यातून वर येऊ लागली की हे वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभे राहून आभाळात दोन बार टाकायचे. डुकरं पसार. मग वावरातल्या झोपडीत बाजेवर जाऊन पडायचे. पहिल्याच रविवारी परत आले तर डोळे सुजलेले. मी घाबरले. "काय झालं?"

"झोपलो," ते म्हणाले. एखाद्या पोरीनं स्वतःच्या लग्नाची बातमी सांगावी तसे लाजत म्हणाले. "सकाळी ऊन तोंडावर आलं तेव्हा जाग आली."

मी भाकरी टाकत होते ती तव्यावरच करपली.

पुढंही तसंच. आठवड्यातली ती एक झोप आठवडाभर पुरायची. हळूहळू घरीही एखाददुसरी रात्र डोळा लागू लागला. अंगावर मांस धरलं. चिवड्यात तिखट कमी आहे म्हणून माझ्याशी भांडले तेव्हा तर मला इतका आनंद झाला की मीही मनसोक्त भांडून घेतलं. एकदा मी विचारलं, "तिथंच काहून झोप येते तुमाले? घरी बाज नाही का?"

ते भिंतीवरच्या बंदुकीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बंदूक उडते आन कोणी पडत नाही. ते पाहिलं की मले झोप येते."

त्यानंतर मी बंदुकीबद्दल एक शब्द काढला नाही. दर शुक्रवारी मीच ती पुसून ठेवू लागले.

गावाकडची शांतता हा त्यांचा आणखी एक आवडता विषय. "तिथले बैलसुद्धा शांत असतात," ते सांगायचे. "पहाटे झोपडीजवळून जातात म्हणे, मले पत्ता नाही."

"तुमी घोरता, मग बैलांच्या घुंगरमाळा कशा ऐकू येतील?" मी म्हणायची.

आमच्या शेजारी रुपराव राहायचा. गिरणीत कामाला, मोठा हौशी, तोंडानं गोड. त्याच्याकडे मामाची जुनी बंदूक होती आणि शिकारीला जागा नव्हती. रोज ओट्यावर येऊन बसायचा, "देवरावदादा, मले पण घेऊन चला ना." ह्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. पण परस्पर घेऊन गेले नाहीत. आधी एका शनिवारी जाऊन भागीरथाबाईला विचारून आले.

"तुमी म्हणता तर आणा," ती म्हणाली होती. "पण माझी अट त्यायले सांगजा."

ह्यांनी सांगितली. रुपरावानं ऐकली. पण त्याच्या डोक्यात काही वेगळंच शिजलं. त्याला वाटलं, घरधनीण बाई आहे, तोंडानं मारू नका म्हणणारच. सगळेच म्हणतात. शिकारीतला वाटा दारात पोचला की गप घेतात. पाहुणचाराला नको नको म्हणत ताट पुढं करावं, तसंच हे. म्हणून पुढच्या शनिवारी तो ह्यांच्यासोबत गेला, तेव्हा संध्याकाळी ह्यांचे दोन बार आभाळात गेले आणि तिसरा बार रुपरावाच्या बंदुकीतून सरळ गेला. चांगलं मोठं डुक्कर भुईमुगात पडलं.

आणि रुपराव खुशीत! त्यानं रीत सोडली नाही. पळसाच्या पानांवर मागची अख्खी मांडी ठेवली, वर दुसरं पान झाकलं आणि सकाळी भागीरथाबाईच्या दारात नेऊन म्हणाला, "माय, मालकाचा वाटा."

ती ओरडली नाही म्हणे. पानाकडं पाहत राहिली. मग ह्यांना म्हणाली, "हे उचलून न्या. आन हवालदार, आता माझ्या वावरात येऊ नका."

हे परत आले ते सरळ ओट्यावर बसले. बंदूक खुंटीला टांगली नाही, कोपऱ्यात उभी केली. त्या रात्री झोपले नाहीत. दुसऱ्या रात्रीही नाही. आढ्याकडं पाहणं परत सुरू झालं, विड्या परत सुरू झाल्या. रुपराव माफी मागायला आला तर मी त्याला दारातच इतकं झापलं की सगळी गल्ली बाहेर आली. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, मले वाटलं रीत आहे." रागावून तरी किती रागवायचं? त्याला खरंच तसं वाटलं होतं. पण ह्यांचा चेहरा परत ओढला जात होता.

शनिवार आला. हे नेहमीच्या वेळी उठले, पायात वहाणा घातल्या, दारापर्यंत गेले आणि वहाणा काढून परत येऊन बसले. ते मला बघवलं नाही. त्यांना म्हटलं, कामठीला मावसबहिणीकडे जाऊन येते. आणि मौद्याची एस.टी. धरली.

भागीरथाबाई वावरात होती. भुईमुगाचे वेल उपटून ढीग घातले होते आणि ती एकटीच शेंगा तोडत बसली होती. मला ओळखलं, पण बस म्हणाली नाही. मी बसले. दुसऱ्याच्या वावरात रिकाम्या हातानं बसून बोलणं बरं दिसत नाही, म्हणून एक वेल ओढला आणि शेंगा तोडू लागले. टोपलं अर्धं भरलं.

"तुझ्या नवऱ्यावर राग नाही मले," शेवटी तीच बोलली. "पण तो वाटा पाहिला आन माझं मन फाटलं वं. तारेचे बाप महादेवराव गावच्या जमीनदाराच्या, त्या मालगुजाराच्या शिकारीत रान उठवाले हाका घालाचे. बिनपैशाचं. डुक्कर पडलं की हेच पळसाचं पान, हीच मांडी, डोक्यावर घेऊन मालगुजाराच्या दारात. म्हणाचं, मालकाचा वाटा. छप्पनले आमी दोघं पायी नागपूरले गेलो. बाबासाहेबांपुढं दीक्षा घेतली, जीव घेणार नाही असा शब्द दिला. घरी येऊन त्यायनं डुकरं माराचा भाला चुलीत घातला. पुढच्या साली डुकरांनी सगळी जवारी खाल्ली, घरात दाणा नाही, तरी त्या माणसानं नवा भाला केला नाही. आमी अंबाडीची भाजी खाऊन राहिलो. त्यानं उपाशीपोटी शब्द पाळला, मी शेंगा खाऊन मोडू? आन माझ्याच दारात कोणी मालकाचा वाटा आणते! मले मालगुजार करून टाकलं त्यानं."

माझ्या हातातला वेल तसाच राहिला. तिच्या रागापुढं मी काय मागणार होते? पण आले होते ते मागायलाच. मनाचा धडा केला.

"माय, मी परवानगी मागाले आली. बंदुकीची नाही. बंदूक घरी राहू द्या. नुसती बाज द्या."

"बाज?"

मग मी सगळं सांगितलं. लढाई, आढं, विड्या, सुजलेले डोळे, करपलेली भाकरी. बंदूक उडते आणि कोणी पडत नाही, हे ते म्हणाले होते ते. सांगता सांगता मला रडू आलं आणि मी पदरानं डोळे पुसत, शेंगा तोडत, नाक ओढत सांगत राहिले. "इथं झोपू द्या त्यायले. डुकरं हाकलाले डबा वाजवतीन ते."

भागीरथाबाई हातातल्या शेंगेची माती काढत होती. ती शेंग काही लवकर साफ होईना.

"डब्याले डुकरं भेत नाहीत," ती म्हणाली. "बंदूक आणू दे त्याले. पण आता त्याच्यासंग कोण येईल हे मी ठरवीन. त्यानं एक पाहुणा आणून पाहिला. पुढच्या शनवारी तू ये."

"मी काय करू इथं?"

"काय कराचं? शेंगा तोड. लवकर हात चालतो तुझा."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. त्यांनी उठून कोपऱ्यातली बंदूक घेतली आणि खुंटीला टांगली.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं गेलो. तिन्हीसांजेला नाल्याकडून काळे ठिपके वर येऊ लागले. ह्यांनी बंदूक आभाळाकडं केली आणि दोन बार टाकले. झाडांवरचे बगळे उडाले, डुकरं शेपट्या वर करून पळाली, आणि सगळं वावर जसंच्या तसं राहिलं. मी ह्यांच्या तोंडाकडं पाहत होते. ते वावराकडं पाहत होते, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, कोणी पडलं तर नाही ना असं. मग हळूच बंदूक मधोमध उघडून काडतुसांची टरफलं काढली आणि माझ्याकडं बघून हसले. झोपडीत जाऊन पडले ते मी पाण्याचा तांब्या भरून आणेपर्यंत घोरत होते.

मला नव्या जागी झोप आली नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्यांच्या उशाशी बसून ते घोरणं ऐकत राहिले. उजाडता उजाडता मी बाहेर पाहिलं. झोपडीजवळच्या वाटेनं भागीरथाबाईची बैलजोडी चालली होती. मोठे, धष्टपुष्ट बैल, माना हलवत चाललेले, पण आवाज नाही. मानेवर दोराच्या जुन्या खुणा, घुंगरांच्या माळा मात्र नाहीत. मागून भागीरथाबाई येत होती. दोन्ही माळा तिनं पदरात गुंडाळून दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरल्या होत्या, आणि त्या वाजू नयेत म्हणून अगदी जपून पावलं टाकत होती.

मला बघून ती थांबली. चोरी पकडली गेल्यासारखी बघायला लागली. मग झोपडीकडं हनुवटीनं खूण करून, ओठांवर बोट ठेवता येत नव्हतं म्हणून नुसतेच ओठ मिटून मान हलवली.

म्हणजे गावचे बैल शांत नव्हते तर. मी मागायला गेले होते ती झोपेची परवानगी ह्या बाईनं केव्हाची, न मागता, न सांगता देऊन ठेवली होती.

मी उठले. अनवाणीच तिच्याकडं गेले आणि माझा पदर पसरला. तिनं एका बैलाची माळ हळूच त्यात सोडली. ती मी घट्ट आवळून धरली आणि आम्ही दोघी बैलांच्या मागं धुऱ्याधुऱ्यानं विहिरीकडं निघालो.