अकरा वेळा ‘नाही’

“ही खालची ओळ काढून टाका, ओव्हाळ,” मॅनेजर म्हणाले. “चौकशी सोमवारी आहे.”

“ती निघत नाही, साहेब. भाषेतच आहे.”

मी पलीकडे लॅबच्या बाटल्या धूत होते.

अंबरनाथच्या आमच्या रंगांच्या कारखान्यात हरिचंद्र ओव्हाळ संख्याशास्त्रज्ञ. आकड्यांसाठी त्यांनी कॉम्प्युटरची स्वतःची भाषा तयार केली, एकट्याने, नऊ वर्षं खपून. का, तर आम्हा सातवी-आठवी पास बायकांना इंग्रजी हुकूम कळत नाहीत. इंग्रजी अक्षरांत ‘सरासरी काढ’ टाइप केलं की मशीन सरासरी काढायचं. ज्या तासाला मीटरचं रीडिंग घेतलंच नसेल तिथे लिहायचं ‘नाही’. शून्य नव्हे, मागचा आकडा नव्हे. असे ‘नाही’ किती, ते मशीन कागदाच्या तळाशी छापायचंच. हेड ऑफिसातले शहाणे याला पोरखेळ म्हणायचे. म्हणेनात का!

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये आमच्यातलाच एक कामगार, पालेगावचा धोंडिबा, टाकीपाशी गॅस लागून पडला. छाती कायमची गेली त्याची. सोमवारची चौकशी त्याचीच. कंपनी म्हणते, गॅस तासातासाला मोजला होता, हाच बिडी ओढत असणार. अरे, मीटर बंद पडलेला! ओव्हाळांचा कागद सरळ सांगत होता: अकरा तास, नाही.

“मग ‘नाही’च्या जागी मागचा आकडा भरायला शिकवा ना तिला,” मॅनेजर म्हणाले.

“ते नाही जमणार, साहेब. खोटं बोलायला नाही शिकवणार मी तिला.”

दोन दिवसांत कॉम्प्युटरसाठी बाजारातलं तयार पॅकेज आलं. ओव्हाळांचं टेबल स्टोअरमध्ये गेलं, त्यांच्या फ्लॉप्या पुसल्या. नऊ वर्षं, एका दुपारीत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते मात्र डबा उघडून बसले होते.

“सुनंदाताई, लोणचं आहे का जरा?”

मी दिलं. त्यांनी ते खाल्लंच नाही, नुसतं बघत राहिले.

सोमवारी कागद काढायला मला बसवलं. मी ‘नाही’ टाइप केलं. नवं पॅकेज ते घेईना, त्याला आकडाच पाहिजे.

“मागचाच भरा ना बाई, टाइमपास नको!” मॅनेजर म्हणाले.

भरला. हो, भरला मी, अकरा वेळा, नोकरीच्या भीतीने. लाज वाटते सांगायला.

कागद चौकशीच्या साहेबांकडे न्यायलाही मलाच पाठवलं. मी जिन्यात थांबले. पेन काढलं. अकरा आकड्यांवर रेघ मारली, प्रत्येकाशेजारी लिहिलं, ‘नाही’. तळाशी सही केली, पूर्ण नावाची: सुनंदा बबन भोपी, लॅब.

मग दार ढकललं.